अथेन्सचं पोस्टकार्ड आणि वरठीची बस

रेल्वे ही शहराची नाडी असते. आमच्या भंडाऱ्याची नाडी दहा किलोमीटरवर, वरठीला लागते. त्यामुळे प्रकृती कशी आहे ते वेळेवर कळत नाही, एवढंच.

ही उणीव दूर करण्यासाठी १९७९ साली 'भंडारा महानगर विद्युत रेल्वे अभ्यास मंडळ' स्थापन झालं. (महानगर नंतर होणार होतं. मंडळ आधी झालेलं बरं.) अध्यक्ष श्यामरावजी, तांदळाचे व्यापारी; चिटणीस मी. प्रेरणा दिली श्यामरावजींचा भाचा टेकचंद याने. तो जहाजावर खलाशी होता. ग्रीस देशातून त्याचं पोस्टकार्ड आलं: 'मामाजी, इथे अथेन्स शहरापासून बंदरापर्यंत विजेची गाडी धावते. अंतर आपल्या वरठीएवढंच. तब्येत ठीक आहे.'

बस्स! अंतर सारखं म्हटल्यावर बाकी काय उरलं?

उरला समुद्र. तिकडे गाडीच्या टोकाला बंदर आहे, वरठीला नाही. पण आमचा जिल्हा तळ्यांचा. तेव्हा वरठीला एक मोठी बोडी खोदावी, तीत दोन डोंगे सोडावेत, असा ठराव झाला. मग कार्डावरच्या चित्रात स्टेशनाजवळ एक भव्य सार्वजनिक इमारत दिसली. ती कसली, हे टेकचंदने लिहिलं नव्हतं. म्हणून आम्ही 'ग्रंथालय स्टेशन' मंजूर केलं. ग्रंथालय नामंजूर झालं, कारण त्याला जागा लागते. सहा वर्षांत त्रेपन्न बैठका झाल्या. पैकी एकोणीस, पोस्टकार्ड सापडेना म्हणून तहकूब. इतकं खोल अध्ययन खुद्द अथेन्सात झालं असेल असं मला वाटत नाही.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात चोपन्नाव्या बैठकीला पंचफुलाबाई आल्या. तुमसर रोड स्टेशनाजवळच्या एका शाळेत शिक्षिका, नोकरी कच्ची. त्यांच्या घराण्यात शाळेच्या हजेरीपटावर सही करणारी ही पहिलीच बाई. वरठीहून नऊ वीसची पॅसेंजर गाठायची, आणि आमची बस तिथे पोहोचायची नऊ पंचवीसला. हातात मुख्याध्यापकांचा कागद होता: आणखी एकदा उशीर झाला की नोकरी संपली.

"भाऊ, मले विजेची गाडी नको जी," त्या म्हणाल्या. "बस नुसती तिच्या टायमावर सोडा. रोज डोळ्यादेखत गाडी जाऊन राहिली."

"बाई, तुमी दहा मिनिटांचं पाहून राहिल्या," श्यामरावजी कळवळून म्हणाले, "आमी शंभर वर्षांचं पाहून राहिलो."

तरी मंडळ दयाळू. दुसऱ्याच दिवशी उशिराच्या कारणांचं सर्वेक्षण ठेवलं. मी बसमध्ये वही उघडून बसलो. सुटण्याची वेळ आठ पन्नास. आठ पन्नासला ड्रायव्हर गुलाब जागेवर, इंजिन चालू, पंचफुलाबाई सोडून प्रवासी बेचाळीस, आणि पहिल्या सीटवर श्यामरावजींचा, त्यांच्या गड्याने आणून टाकलेला दुपट्टा. (आमच्याकडे खिडकीतून दुपट्टा टाकला की सीट त्याची. माणूस मोठा असला की बसही त्याची.) श्यामरावजी रोज याच बसने वरठीच्या मालधक्क्यावर जात. आत्ता ते घरी पोहे खात होते.

"काहून नाही सोडत?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"दुपट्टा हाय ना जी," गुलाब म्हणाला. "मानूस आल्याबिगर कशी सोडू?"

आठ बावन्नला बाई उठल्या. त्यांनी दुपट्टा उचलला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"आता नाही दुपट्टा. चाल भाऊ."

गुलाबने मागे पाहिलं. कुणी एकानं "चाल रे" म्हटलं असतं तरी बस निघाली असती. त्याचा हात गियरवरच होता. बेचाळीस जण खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं. मी दुपट्टा सीटवर परत ठेवला.

नऊला श्यामरावजी आले. नऊ पंचवीसला वरठी आली. पॅसेंजर वेळेवर निघून गेली होती. (रेल्वेचं हेच वाईट.) पंचफुलाबाई रिकाम्या फलाटावर तो कागद धरून उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं. तशी मी नोंदही केली.

अहवालात उशिराचं कारण 'विद्युत रेल्वेचा अभाव' असं दिलं आहे.

वाचता वाचता तुम्ही मनात "चाल रे!" म्हणालाच असाल. बसमधून उतरताना मी एकेकाला विचारून घेतलं होतं. बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी मनात तेच म्हटलं होतं.