रामोजीमामांचे सात मुद्दे

शनिवारी सकाळी म्हैसुरात आमच्या शेजारच्या रामोजीमामांकडे चहाला जायचं असेल, तर चष्मा घरी काढून ठेवावा. हातात काही फुटणारं नेऊ नये. आणि 'मॅच कशी झाली?' हे तर चुकूनही विचारू नये. मागे पेपरवाल्याने विचारलं. मामांनी त्याला मागून कवेत घेतलं, तुळशीच्या कुंडीभोवती गरकन फिरवलं आणि म्हणाले, "नोडो, बघ, हा टॅकल! ह्यात काय चूक आहे, सांग!" तेव्हापासून मामांचा पेपर गेटवरूनच फेकला जातो.

मॅच म्हणजे क्रिकेट नव्हे. ते आम्हा पामरांसाठी. मामा बघतात ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मुलगा मेलबर्नला, आणि नात नंदिता तिथल्या क्लबात हाच खेळ खेळते. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान. चेंडू हाताने धरलेला चालतो, पायाने मारलेला चालतो, आणि चेंडूवाल्याला मिठी मारून पाडलेलंही चालतं. ह्या पाडण्याला टॅकल म्हणतात. आमच्या गल्लीत आता शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मामांनी कुणाला सोडलंच नाही.

तर तिथे हल्ली नियम कडक केलेत. धरा, पण दोन्ही हात आवळून आपटू नका. हात अडकलेला माणूस पडताना स्वतःचं डोकं वाचवू शकत नाही. त्याचं डोकं आपटलं की पाडणाऱ्यावर बंदी, मुद्दाम केलेलं नसलं तरी. कुणालाही पटेल की नाही? मामांना पटत नाही.

"अय्यो, हा खेळ आहे की हळदीकुंकू?" ते विचारतात. "धावत्या माणसाला धरताना डावा हात सोडू की उजवा, ह्याचा अर्ज द्यायचा का आधी?"

मामांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, हे ते दर दसऱ्याला सांगतात. ते स्वतः सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, हे कधीच सांगत नाहीत. तरुणपणी कुस्ती खेळायचे. घोडदळ, कुस्ती आणि फायली एकाच अंगात शिरल्यावर दुसरं काय होणार? त्या ऑस्ट्रेलियन खेळाची नियमावली त्यांनी देवराज मार्केटजवळ छापून घेतली, लाल रेक्झिनमध्ये बांधली आणि देवघराशेजारी ठेवली. मेलबर्नच्या नियमवाल्यांना दर महिन्याला एक पत्र जातं. एकदा उत्तर आलं: 'आपला अभिप्राय मिळाला, आभारी आहोत.' ते यंत्राने धाडलेलं आहे हे सांगायची माझी काय बिशाद! मामांनी ते फ्रेम करून मामींच्या फोटोशेजारी लावलंय. मामी असत्या तर दोन्ही फ्रेमा निघाल्या असत्या.

मग एका शनिवारी नंदितानेच एका मुलीला पाडलं. मुलीचं डोकं जमिनीवर आपटलं, तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. नंदितावर ठपका आला. मंगळवारी सुनावणी, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी फायनल. दोषी ठरली तर फायनल गेली.

मामांच्या अंगात वारं संचारलं. एवढ्या वर्षांची विद्या आता कामी येणार! रविवारी सकाळी त्यांनी आम्हा नवरा-बायकोला बोलावलं. मुलीच्या डोक्याचं कसं काय आहे हे मी विचारलं, तर म्हणाले, "असेल बरी. तू आधी मुद्दे ऐक."

सात मुद्दे होते. फुलस्केप कागदावर, समास सोडून. मुद्दा चौथा असा, की टॅकल करताना त्या मुलीचा एक हात मोकळाच होता. तो सिद्ध करायला प्रात्यक्षिक हवं. दिवाणखान्यात दोन गाद्या अंथरल्या होत्या. मामा झाले नंदिता. मी सुनावणीची अध्यक्ष, आणि हातात मोबाईल, व्हिडिओ काढायला. ती मुलगी झाले आमचे हे, म्हणजे मामांचे 'राव'. ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही. लग्न झालं तेही त्यामुळेच, असं माझी सासू म्हणायची. चेंडू म्हणून ह्यांच्या हातात न सोललेला नारळ दिला.

"पळा, राव!" मामा ओरडले. हे चार पावलं पळाले, म्हणजे चालले. मामांनी मागून झेप घेतली. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण पकड बघा! ह्यांचे दोन्ही हात छातीशी आवळले गेले, नारळ घरंगळत सोफ्याखाली गेला. मला हसू आवरेना. मोबाईल हलायला लागला.

"मामा, हात सोडा!" हे ओरडले. "अहो, हात सोडा की!"

दोघे गादीवर पडले. ह्यांचं डोकं गादीच्या काठावर टेकलं, फरशी दोन बोटांवर होती. लागलं नाही. हे उठून शर्ट झटकू लागले. मामा उठलेच नाहीत. भिंतीला टेकून बसले, तोंड पांढरंफटक. मी धावत पाणी आणलं. मला वाटलं, गेलं मामांचं हार्ट.

"तोही असंच म्हणाला होता," मामा म्हणाले. "कै बिडो, रामोजी. हात सोड."

"कोण?"

"सिद्दप्पा. आमच्याच तालमीतला. कृष्णराजनगरला कुस्ती होती. हात आवळून उचलला होता मी त्याला. ते मला ऐकू आलं होतं, सुमन. ऐकलं आणि टाकला. डोक्यावर पडला तो." पाण्याचा पेला त्यांनी तसाच धरून ठेवला. "डाव नियमातला होता. पंचांनी मला फेटा बांधला. त्याला पुढे नीट बोलता येईना, शेतावर जाता येईना, असं कानावर आलं. सगळे मला म्हणाले, तुझी काही चूक नाही. मग मीही तेच म्हणत राहिलो."

"तुम्ही कधी भेटायला गेलात?"

मामांनी मान हलवली. नाही. कृष्णराजनगर इथून जेमतेम तासाभरावर. मेलबर्नला महिन्याला एक पत्र लिहिणारा माणूस! मला राग आला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया नाही, रागच आला.

तेवढ्यात नंदिताचा व्हिडिओ कॉल आला. आजोबांना ती कानडीत ताता म्हणते. "ताता, पॉइंट्स रेडी?"

मामांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "तिचे दोन्ही हात धरले होतेस?"

"हो, ताता. पण तू म्हणाला ना, एक फ्री म्हणून सांग."

"ती काही म्हणाली? पडायच्या आधी?"

पोरीचं मराठी तोकडं आहे, पण एवढं तिला सांगता आलं. "ती बोलली, सोड. मी ऐकली, ताता. मॅच होती ना."

"मग चूक मान्य कर."

"आणि फायनल?"

"फायनल जाऊ दे. तिच्या घरी जा. मंगळवारच्या आधी जा, आजच जा."

"जाऊन काय बोलू? तिची आई ओरडेल."

"ओरडू दे. तू बस तिथे. उठ म्हणेपर्यंत बस. नंतर जायला फार जड जातं, पुट्टी."

नंदिताने फोन ठेवला. त्याच संध्याकाळी ती त्या मुलीच्या घरी जाऊन आली. मंगळवारी तिने चूक कबूल केली, फायनल गेली. त्या शनिवारी मामांनी टीव्ही लावलाच नाही. सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे राहिले.

"राव, गाडी आहे का मोकळी? कृष्णराजनगरला जाऊन येऊ."

हे किल्ली शोधायला लागले. मी म्हटलं, "मामा, आधी फोन करून कुणाकडून तरी चौकशी करा. इतकी वर्षं झाली. सिद्दप्पा आहे की नाही, ते तरी कळेल."

"नको," मामा म्हणाले. "तो नाही असं कळलं, तर मला सुटल्यासारखं वाटेल, सुमन. म्हणून नको."