नंदू मेस्तचे पाच सायलेन्सर

नंदू मेस्तने पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. "डोळे मीट," म्हणाला.

चारकोपच्या सोसायटीत आम्ही त्या दिवशीच राहायला आलो होतो. मी हातात गॅसची शेगडी घेऊन जिन्याशी उभा, आणि समोर बनियनवरचा, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांचा एक पन्नाशीचा गृहस्थ. नवीन जागेत कोणाशी वाकडं कशाला, म्हणून मी डोळे मिटले. मोटारसायकल सुरू झाली, धडधडली, बंद झाली.

"कोण आलं?"

"कोण म्हणजे? गाडी आली."

नंदूचा चेहरा पडला. "जवळ आलाय," तो म्हणाला, "पण तो नाय."

हे वाक्य मग मी रोज ऐकलं. दूधवाला, कुरियरवाला, सोसायटीच्या सेक्रेटरीण बाई, कोणालाही धरून तो डोळे मिटायला लावायचा. बाईंनी शेवटी नोटीस काढली: इंजिन फक्त दुपारी चार ते साडेचार. नंदूने ती फ्रेम करून गॅलरीत लावली. म्हणाला, "चारलाच पायजे होतं आपल्याला."

गाडी होती झकास. ऐसपैस टाकीची, जड क्रूझर. तळमजल्याच्या गॅलरीबाहेर पुठ्ठे अंथरून त्याने तिचं हँडल बदललं, सीट बदलली, मडगार्ड कापलं. कंपनीत फिटर होता, हात सफाईदार. पण सायलेन्सरपाशी अडला तो अडलाच. उतरवलेले पाच सायलेन्सर ग्रिलला दुधी भोपळ्यासारखे लटकत होते. प्रत्येकाची आतली जाळी त्याने कापून, भोकं पाडून, परत वेल्ड करून पाहिली होती. त्याला इंजिनाचा एक ठोका चुकलेला हवा होता. धड, धड, धड, मग जरा अडखळ, मग धड.

इंडस्ट्रियल इस्टेटमधला गॅरेजवाला मला म्हणाला, "लोक बिघाड काढायला येतात. हा एकच माणूस बिघाड बसवायला येतो."

मी हसलो. पण चार वाजता मी गॅलरीत गेलो की हसू थोडं आटायचं. नंदूच्या खिडकीशी त्याची आई बसलेली असायची. नजर पार गेलेली, केस पांढरेशुभ्र, चेहरा गेटकडे. इंजिन सुरू झालं की ती मान तिरकी करायची. बंद झालं की परत सरळ. बोलत काही नसे.

मग तो शनिवार. मी खाली उभा राहून नंदूशी गप्पा मारत होतो. सायलेन्सर उतरवलेला, प्लग काढून पुठ्ठ्यावर ठेवलेला. गाडी सुरू होणं शक्यच नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि आतून स्वच्छ, आनंदी आवाज आला,

"इलो! दिगू इलो!"

नंदूच्या हातातला पाना तसाच राहिला. आम्ही दोघांनी गेटकडे पाहिलं. कोणी नव्हतं. फक्त वाटेच्या मधोमध झोपलेला सोसायटीचा कुत्रा उठला, बाजूला झाला, शेपूट हलवत त्याने काहीतरी जाऊ दिलं आणि परत आपल्या जागेवर येऊन झोपला.

"दिगू कोण रे?" मी विचारलं.

"थोरलो भाव माझो," नंदू म्हणाला. एरवी तो माझ्याशी मालवणी बोलत नसे. "गणपतीक गावी जाताना घाटात गेला. वीस वर्षं झाली. जुनी, तिसऱ्या हाताची गाडी होती त्याची. तिचा एक ठोका चुकायचा. आये गल्लीच्या तोंडाशीच ओळखायची आणि चहा ठेवायची. चारला यायचा, फर्स्ट शिफ्ट करून."

पाना खाली ठेवून तो पुठ्ठ्यावरच बसला.

"आता तिला तेच आठवत नाय, तो गेल्याचं. दिगू कधी येतलो, विचारते. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. रडली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत सांगितलं. परत तेवढीच रडली रे, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. पाचव्या दिवशी माझ्याच्यानं सांगवेना."

त्यानंतर त्याने कोणाला डोळे मिटायला लावलं तर मी हसलो नाही.

पुढच्या पंधरवड्यात सहावा सायलेन्सर चढला. चार वाजता नंदूने गाडी लांब कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली आणि तिथून सुरू करून आला. धड, धड, धड, अडखळ, धड. बाकावर पेपर वाचत बसलेले कांबळेकाका, सोसायटीतले सगळ्यात जुने, ताडकन उभे राहिले. त्यांनी गेटकडे पाहिलं, नंदूला ओळखलं, तरी चेहऱ्यावरचा रंग परतला नाही. "कशाला आणलंस रे त्याला?" एवढंच पुटपुटून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

खिडकीशी म्हातारी हसत होती. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"इलंस रे दिगू?"

नंदूने गाडी बंद केली. मग जाडसर, जरा घोगऱ्या, त्याच्या नसलेल्या आवाजात म्हणाला, "इलंय, आये."

ग्रिलमधून हात बाहेर आला. नंदू पुढे झाला आणि मान खाली घातली. तिने त्याचं डोकं चाचपलं, कान चाचपले. मला वाटलं, आता ओळखणार. पण ती समाधानाने गोंजारत राहिली.

"उन्हातून इलंस. दमलंस?"

"नाय गे."

"आणि नंदू खंय आसा?"

नंदूने माझ्याकडे पाहिलं. मला कुठे पाहावं कळेना.

"घराकच आसतलो," तिनेच सांगितलं. "खंय जाणा नाय, कोणाशी बोलणा नाय. दिसभर माझ्याचसाठी खपता. लगीन पण करूक नाय त्याने." मग आवाज खाली आणून, जणू नंदूला ऐकू जाऊ नये म्हणून, "त्याका जरा मागे बसवन फिरवन घेवन ये रे. आवडता त्याका. सांगणा नाय."

"व्हय," नंदू म्हणाला. "नेतंय त्याका."

तो गाडीकडे वळला. बसण्याआधी वाकून त्याने मागची दोन्ही पावदानं उघडली. मग एकटाच निघाला, सीटवर जरा पुढे सरकून बसलेला, मागे एका माणसाची जागा ठेवून.