अश्फाकभाईंची पाठमोरी गाणी

आमच्या मुरुड-श्रीवर्धनकडचा कुठलाही गायक घ्या आणि मोबाईलवर त्याच्या गाण्याचं कव्हर, म्हणजे गाण्यावरचं चित्र, उघडा. तुम्हाला त्याची पाठ दिसेल. हळदीची गाणी गाणारा पाठमोरा, पैगंबरांच्या स्तुतीची नात पढणारा पाठमोरा, भजनीबुवा टाळांसकट पाठमोरे. अख्खी किनारपट्टी रुसून बसल्यासारखी. हा रुसवा एकाच माणसाची करणी आहे. दिघीचे अश्फाकभाई.

आखातात दुकानांच्या पाट्या रंगवून परत आलेला, पन्नाशी उलटलेला, एकटा माणूस. गायकांना कव्हरं करून द्यायची हा धंदा. कुणी विचारलं, चेहरा का नाही, तर उत्तर ठरलेलं. "चेहरा ठेवला का लोक चेहराच बघतात, गानं कोन ऐकतंय? तोंडाचं काय, तोंड आधारकार्डावर पन हाय."

मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना वाटायचं, काय परहेजगार माणूस, धर्म पाळून चेहरे टाळतो! मलाही धर्माचाच संशय. मी मोर्चांची पत्रकं काढणारी मुलगी, आडून विचारायची सवय नाही. तोंडावर विचारलं. म्हणाले, "दीन-धरमाला कशाला मधे घेतेस पोरी? हजला जाताना फोटो समोरूनच काढतात."

माणगावचा एक गायक तर भांडायलाच आला. "भाई, गल्यातली साखली तीन तोल्याची हाय. ती पुढं असते, पाठीला नसते!" अश्फाकभाई शांतपणे उठले, साखळी फिरवली आणि त्याच्या पाठीवर सोडली. "आता बघ. वजन पन जास्त वाटतंय." पुढच्या लग्नसराईत निम्मी पोरं पाठीवर साखळ्या सोडून नाचत होती.

इथवर हसा. पुढचं हसण्यासारखं नाही.

आमच्या कोळीवाड्याची मासळी सुकवायची जागा एका रिसॉर्टवाल्याने पत्रे ठोकून बंद केली. पिढ्यान् पिढ्या जिथे बोंबील वाळले, तिथे आता पाहुण्यांना वास नको. अर्ज झाले, मोर्चा झाला, साहेब चहा पाजून परत पाठवायचे. म्हणून आम्ही गाणं करायचं ठरवलं. गाणार हौसाबाय. मुरुडच्या बाजारात ती मासळी विकायची. मासा दाबून बघून न घेता जाणाऱ्या गिऱ्हाईकाला ती जे सुनावायची, ते एस.टी. स्टँडपर्यंत ऐकू जायचं.

तिला घशाचा कॅन्सर निघाला होता. मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. म्हणजे हे गाणं शेवटचं. त्यानंतर आवाज नाही, कधीच नाही.

गाणं रेकॉर्ड झालं, कव्हर राहिलं. मला हवी होती मूठ, मशाल आणि तिचा संतापलेला चेहरा. अश्फाकभाई म्हणाले, "पाठ."

मी भडकले. "बाईचा आवाज चाललाय, आणि तुम्ही तिचा चेहरापण काढून घेताय? मग उरलं काय तिचं?"

"तुला पत्रक पायजे, कव्हर न्हाय," एवढंच बोलून ते चहा टाकायला आत गेले.

मी चहा न घेता निघाले. फोनातल्या ॲपला सांगितलं, रागावलेली कोळीण दे. त्याने क्षणात दिली. गोरीपान, पाचवारी साडी, ओठांना लाली, टोपलीत मासळीच्या जागी काहीतरी गाजरासारखं. हौसाबायने फोन लांब धरून पाहिला. "ही कोन गो? हिला कोलंबी तरी सोलता येल का?" दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आगरदांड्याहून फेरीबोटीत बसली आणि दिघीला जाऊन उभी राहिली. "काढ बाबा पाठ. माज्या तोंडाला लोकांनी जनमभर नावं ठेवली."

अश्फाकभाईंनी तिला फेरीबोटीने परत कोळीवाड्यात आणून त्या पत्र्यांसमोर उभं केलं. काष्टा कसलेला, अंबाड्यात अबोली, हात कमरेवर, आणि समोर आडवा पत्राच पत्रा. दुसरं काही नाही. ते कव्हर बघून मी मनातली मूठ आणि मशाल गुपचूप पुसून टाकली. गाणं गावोगाव गेलं. पत्रे अजून तिथेच आहेत.

ऑपरेशन झालं. घरी बसून पोट भरत नाही, म्हणून गळ्यावर फडकं बांधून हौसाबाय पुन्हा बाजारात बसली. आणि सभ्य माणसांची सभ्यता मी तिथे पाहिली. मुकी कोळीण म्हटल्यावर गिऱ्हाईक स्वतःच भाव ठरवायचं, पैसे टोपलीत टाकायचं आणि पापलेट उचलून चालू पडायचं. तिचे ओठ हलत राहायचे. त्यांच्याकडे बघायचे कष्ट कोण घेतो?

नंतर एका सकाळी मी पत्रकं वाटत बाजारात शिरले, तर पुरुषाचा नरम आवाज कानावर आला. "मॅडम, माफ करा, पन ह्या म्हनतात की एवढ्या भावात... तौबा... तुमच्या नवऱ्याला पन कोन घेनार न्हाय."

हौसाबायच्या शेजारी, उलट्या क्रेटवर अश्फाकभाई! नजर तिच्या ओठांवर. ती ओठ हलवायची, ते बोलायचे. मॅडमनी निमूट पुरते पैसे काढले.

"आणि कव्हरं?" मी विचारलं.

"आता सगली पोरं ॲपवर बनवतात. पाठमोरीच, पन ॲपवर." ते हसले. "घरी तरी काय, दिवसभर तोंड उघडायचं काम पडत न्हाय. हितं बरं हाय."

एवढ्यात एका गृहस्थांनी सुरमईचे कल्ले उचकटले, पोट दाबलं, नाक मुरडलं आणि पाठ फिरवली. हौसाबायचे ओठ हलले. अश्फाकभाई कानापर्यंत लाल झाले.

"बाय, ही शिवी मी न्हाय देनार."

ओठ पुन्हा हलले. तीच शिवी, आता सावकाश, नीट समजावून.

अश्फाकभाईंनी माझ्याकडे असहायपणे पाहिलं, डोळे मिटले, उठून उभे राहिले आणि ती शिवी बेंबीच्या देठापासून दिली. अर्धा बाजार वळून बघायला लागला. हौसाबाय खाली मान घालून हसत होती. आवाज येत नव्हता. गळ्यावरचं फडकं तेवढं थडथडत होतं.