सेट झालेला माणूस

टेबलावर ताटं-वाट्या मांडणे हा ‘सेट’ या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ. भोयर सरांनी तो आपल्या वहीतून काट मारून उडवला होता. “अल्लीपुरात जेवाले टेबल कोणाच्या घरी आहे, सांगा? बाद!”

त्यांचा नियमच होता. शब्दकोशातला अर्थ वर्धा जिल्ह्यात डोळ्यांनी दिसला, तरच खरा. दही लागलं की पातेलं थेट वर्गात: “पाहा, कर्ड इज सेट.” कपाशीला बोंडं धरली, स्लॅबचं सिमेंट घट्ट झालं, हाडवैदानं कुणाचा निखळलेला हात बसवला, तिथं सर वही घेऊन हजर. एकदा एसटीच्या कंडक्टरनं विचारलं, “सर, कशाचा सर्व्हे करून राह्यले?”

“सेटचा.”

कंडक्टरनं टीव्ही दिसत नसल्याची तक्रार केली. सरांनी तोही अर्थ लिहून घेतला.

आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत, तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतले तेवढ्या तासांचं मानधन, आणि उन्हाळ्यात माणूस कागदावरच नसतो. प्राध्यापकाच्या नोकरीसाठी लागणारी सेट परीक्षा ते पंधरा वर्षांपूर्वी पहिल्याच फटक्यात पास झाले होते. स्टाफरूममध्ये त्यावर ठरलेली थट्टा होती: “सर सेट पास झाले, पण सेट नाई झाले.” मी इतिहासाचा, कायम. कायम माणसांना असले विनोद फार आवडतात.

यंदा अखेर इंग्रजीची कायम जागा निघाली. सर चव्वेचाळीस वर्षांचे. मुलाखतीला नवा शर्ट घालून आले. ‘माइंडसेट’ला भर सभेत ‘माइंडशेठ’ म्हणणाऱ्या आमच्या अध्यक्षांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, “येणं-जाणं कशानं करता?”

“एसटीनं.”

“छान.”

जागा अध्यक्षांच्या भाचेसुनेला मिळाली. बाहेर शिपाई हळूच म्हणाला, “सर, सेटिंग पयलेच झालती.” सरांनी सवयीनं पेन काढला. लिहिलं मात्र काही नाही.

ती सेटिंग मला आठ दिवस आधीपासून ठाऊक होती. मी बोललो नव्हतो.

पुढच्या रविवारी, मनाला लागलं म्हणून, मी अल्लीपूरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं माझ्या हातावर साखर ठेवली. “बाबू सेट झाला ना हो, मास्तर! तुमच्यावानी परमनंट. आता एखांदी पोरगी पाहा त्याच्यासाठी.”

मी सरांकडे पाहिलं. ते चहा गाळत होते. मान वर केली नाही. मी साखर खाल्ली.

सर मला स्टँडवर सोडायला आले तेव्हा मी विचारलं, “काऊन खोटं बोलले, सर?”

“नाई बोललो. तिनं विचारलं, सेट झाला का? मी म्हटलं, हो. परीक्षा तं पास झालोच आहे.”

एसटी वळणावर दिसू लागली होती. सर तिच्याकडेच पाहत म्हणाले, “पंधरा वर्षं झाले सर, माय सोमवार धरून होती, माह्या नोकरीसाठी. ह्या सोमवारी सोडला. भाकर मागून घेतली, पोटभर जेवली. आता तिचे सोमवार राह्यले तरी किती?”