योसेफकाकांचं चार ते पाच

योसेफकाका कुणाच्या कानात कुजबुजले, की चौथ्या घरातली माणसं "क्या हुआ?" म्हणून बाहेर यायची. मी वाढवून सांगत नाही. लग्न होऊन मी नाशिकहून इंदूरला आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडून एका पुरुषाची अशी आरोळी आली, की माझ्या हातातलं पातेलं सुटलं. मला वाटलं, शेजारी खून पडला. सासूबाई शांतपणे कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

"घाबरू नको गं," त्या म्हणाल्या. "योसेफजी मीठ मागून राहिले."

मीठ मिळालं असावं. कारण मागोमाग दुसरी आरोळी आली, ती "बस, बस!" अशी होती.

योसेफ साळवे आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. वडील जालन्याकडून इथल्या मिलमध्ये कामाला आले होते. काका इथेच वाढले आणि मिसरूड फुटायच्या आधीच साचेखात्यात, म्हणजे कापडाचे माग चालतात त्या खात्यात लागले. एका छपराखाली शेकडो माग. तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान जातात आणि आवाज वाढतो. काकांचं दोन्ही झालं होतं. अंगापिंडाने माणूस एवढासा, सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायचा. एवढा आवाज ते ठेवत कुठे असतील, असा प्रश्न मला नेहमी पडायचा.

त्यात त्यांचं एक पालुपद होतं. "हळूच सांगतो हं, कुणाला बोलू नका." एवढं म्हणून ते जे सांगत, ते नाक्यावरच्या पोहेवाल्याला आमच्या आधी कळायचं. माझ्या दिराचं लग्न ठरतंय ही बातमी आम्ही महिनाभर दाबून ठेवली होती. सासूबाईंनी काकांना विश्वासात घेतलं. काकांनी ओट्यावर उभं राहून आपल्या बायकोला, मार्थाकाकूंना, "हळूच" सांगितलं. संध्याकाळपर्यंत अभिनंदनाला अकरा माणसं आली.

उलट त्यांच्यापासून काही लपवणं मात्र अशक्य. मागांच्या खडखडाटात कामगार एकमेकांचे ओठ वाचत. त्यामुळे काकांना कानाने ऐकू यायचं नाही, पण डोळ्यांनी सगळं यायचं. नळावर दोन बायका कुजबुजत असल्या, की पलीकडच्या टोकाहून काका ओरडायचे, "ऐसी बात नहीं है! ती माहेरी गेलीय, भांडून नाही गेली!" आमच्या गल्लीत बायका तोंडावर पदर धरून बोलत, तो लाजेने नव्हे.

मग मिल बंद पडली. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग बदली कामगार गेले, मग एका सकाळी गेटला कुलूप आणि शेजारी डकवलेला कागद. भोंगा वाजेनासा झाला. गल्लीची अर्धी घड्याळं त्या भोंग्यावर लावलेली, त्यामुळे आठवडाभर सगळेच कुठे ना कुठे उशिरा पोहोचत होते. काका तेवढे वेळेवर उठत, दाढी करत, आणि ओट्यावर येऊन बसत. काम गेलं, पण आवाज पूर्ण पगारी हजेरीवर होता. आधी तो आठ तास मिलमध्ये असायचा, आता चोवीस तास आमच्याकडे.

त्याच सुमारास शहरात नवी नवी ऑफिसं निघत होती आणि सगळ्यांना इंग्रजी बोलणारी माणसं हवी होती. माझ्याकडे बी.ए. होतं, इंग्रजी नव्हतं. काकांच्या चर्चच्या व्हरांड्यात एक सिस्टर शनिवारी संध्याकाळी मोठ्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या, तिथे मी जायला लागले. व्हरांड्याच्या आत, भिंतीलगतच, लाकडी जाळीची एक छोटी खोली. शनिवारी लोक तिथे फादरजवळ पापांची कबुली द्यायला येत. कबुली किती गुप्त असते ते सिस्टरनी आम्हाला सांगितलं होतं. फादरना जीव गेला तरी कुणाजवळ बोलता येत नाही.

फादरवर बंधन होतं. काकांवर कुठलंच नव्हतं.

"फादर!" आतून आवाज आला. "मार्थाला सांगितलं मीटिंग आहे, आणि पिक्चर बघायला गेलो!"

"धीरे, योसेफ भाई, धीरे," फादर म्हणाले असावेत. ते केरळचे, बोलणं मुळातच पुटपुटल्यासारखं.

सिस्टरनी घाईने फळ्यावर छडी आपटली. "रीड लाउडली!" आम्ही आठ जणींनी एका सुरात नोकरीच्या अर्जाचा मजकूर म्हणायला सुरुवात केली. आम्ही आठ, ते एक. तरी तेच वरचढ.

"शेजारच्या पोतनीस साहेबांना मनात भोपळा म्हणालो! आणि त्यांच्या सूनबाईच्या चहाची तारीफ केली फादर, ती झूठ होती! तीन वेळा केली!"

पोतनिसांची सूनबाई म्हणजे मी. सात बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पुस्तकात तोंड घातलं आणि घरी जाऊन आल्याचं प्रमाण बदललं. सासऱ्यांना भोपळ्याचं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चर्च आमच्या घरापासून फार लांब नाही.

त्या दिवशी फादरनी काय प्रायश्चित्त दिलं, तेही आम्हाला काकांकडूनच कळलं.

"एक घंटा? रोज? बिलकुल चुप?" थोडं पुटपुटणं. "ईस्टरपर्यंत?" पुन्हा पुटपुटणं. "चार ते पाच, ठीक है. आणि शिंक आली तर?"

दुसऱ्या दिवशी काकांनी पूर्ण गल्लीत फिरून, दारोदार सांगितलं की ते आजपासून मौन पाळणार आहेत. "हळूच सांगतो हं! फादर म्हणाले, तू देवाला इतकं सांगतोस, त्याला कधी बोलू देतोस का? देव म्हणे फार हळू बोलतो." इथे ते थबकले. चेहऱ्यावर खरोखरची चिंता होती. "सूनबाई, तो हळू बोलतो आणि मी बहिरा. कसं जमायचं?"

पहिले काही दिवस गल्लीचे हाल झाले. काकांचं तोंड बंद होतं, बाकीचं अंग नव्हतं. भाजीवाल्याला भोपळी मिरची नको, साधी हवी, हे त्यांनी खुणांनी सांगितलं. तो बिचारा ठेला सोडून चार पावलं मागे सरला. गॅसचा सिलेंडर घेऊन आलेल्या माणसाला ते दोन्ही हात हलवून थांबवायला लागले. त्याला वाटलं घरात गॅस गळतोय. तो ओरडत सुटला आणि दोन घरं रिकामी झाली. आणि ठीक पाच वाजता, घड्याळाचा काटा हलला रे हलला, की तासाभराचा तुंबलेला माल एकदम बाहेर पडायचा. "मिरची! साधी! सांगत होतो!" मार्थाकाकू पाचला दोन मिनिटं असताना शिवणाच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन बसायच्या.

"काकू, जरा तरी शांत वाटतं का हो त्या तासात?" मी विचारलं.

"कसलं गं शांत? बॉम्ब ठेवलाय आणि आपण वाट बघतोय, असं वाटतं."

तक्रार फादरपर्यंत गेली. त्यांनी निरोप दिला, मौन हातांचंसुद्धा. मग काका दोन्ही पंजे मांडीखाली दाबून ओट्यावर बसायला लागले. एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखे. जाणारे-येणारे मुद्दाम "काय काका, ठीक?" विचारायचे. काकांचा चेहरा लाल व्हायचा, मानेच्या शिरा तटतटायच्या, पण तोंड उघडलं नाही. माणूस हट्टी. मागावर सबंध पाळीभर उभा राहायचा, तो तासभर बसायला हरतो काय.

तिसऱ्या आठवड्यात काहीतरी झालं. पाच वाजले आणि आरोळी आलीच नाही. सासूबाई घाबरून भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, त्यांच्या मानाने अगदी खालचा, म्हणजे आम्हाला नीट ऐकू येईल इतकाच.

"मार्था, उठताना तू गुडघ्यावर हात ठेवतेस. कधीपासून?"

"सात वर्षं झाली."

"बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही बोलत होता."

मग पितळेचा डबा पडल्याचा आवाज आला. काका स्वतः चहा करायला उठले होते.

त्यानंतर एकदा मी त्यांना पाच वाजून गेल्यावर विचारलं, "काय म्हणतो मग देव?"

"अजून काही नाही बोलला," काका म्हणाले. "सुरुवातीला चुप बसलो ना, की डोक्यात माग चालायचे. खटाखट, खटाखट. मिल बंद, पण इथली पाळी चालूच. आता मधेच थांबतात." त्यांनी कानामागे खाजवलं. "देव बोलला नाही, पण बसलाय असं वाटतं. मी बोलत होतो तेव्हा उभाच होता बिचारा. निघायच्या बेतात."

मग गुड फ्रायडे आला. चर्चची घंटासुद्धा त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत वाजत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि ईस्टर आला. काकांनी सकाळी सकाळी गल्लीभर "ईस्टर मुबारक!" अशी गर्जना केली, घराघरांत केक वाटला, आणि प्रायश्चित्त संपलं. सोमवारी चार वाजता आम्ही सगळे मनाची तयारी करून बसलो.

चार वाजता काका घरात नव्हतेच. मंगळवारीही नव्हते. रोज पावणेचारला चपला घालायचे, साडेपाचपर्यंत परत. कुठे जाता, विचारलं तर उत्तर नाही. ज्या माणसाने स्वतःची पापं व्हरांडाभर वाटली, तो एवढंसं सांगेना! गल्लीला हे सहन होईना. सासूबाईंना पत्त्यांच्या अड्ड्याचा संशय. सासऱ्यांना, भोपळ्यापासून, कशाचाही संशय. मार्थाकाकू नुसत्या दारात उभ्या राहायच्या.

मे महिन्यात मी विजय नगरला एका नव्या ऑफिसात मुलाखतीला गेले. टेलिफोनवर बोलायचं काम होतं. इंग्रजी मी बरोबर बोलले, एकही चूक नाही. पण साहेब हसून म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज फार बारीक आहे. ग्राहकाला ऐकू कसा जाणार?" टेम्पोत बसून परत येताना मला एवढं रडू येत होतं, की आमच्या आधीच्या स्टॉपला, मिलच्या चाळींजवळच उतरले. तोंड धुवायला नळ शोधत होते. तेव्हा काका दिसले.

एका घराच्या ओट्यावर, भिंतीला टेकून बसले होते. शेजारी त्यांच्याच वयाचा एक माणूस, दाढी वाढलेली, नजर समोर रस्त्यावर. दोघांमध्ये वीतभर जागा. कुणी काही बोलत नव्हतं. मी आडोशाला थांबले तर त्या घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिने मला आत बोलावून घेतलं. त्या माणसाची बायको. नवऱ्याचं नाव बाबूलाल, काकांच्या शेजारचा माग त्यांचा, तीस वर्षं.

"गेट बंद हुआ तब से बोलना बंद है इनका," ती हळू आवाजात म्हणाली. "लोग आते हैं, समझाते हैं. ठेला लगा लो, गाँव चले जाओ. ये मुँह फेर लेते हैं. योसेफ भैया भी पहले आए थे. इतना बोले, इतना बोले, हिम्मत रखो, मिल खुलेगी... इन्होंने उठकर दरवाज़ा लगा लिया. भैया बाहर से भी बोलते रहे."

"मग?"

"फिर दो महीना नहीं आए. अब रोज़ आते हैं. बैठते हैं, चले जाते हैं." तिने डोळे पुसले. "ये अब चार बजे से पहले खुद बाहर आकर बैठ जाते हैं."

मी बाहेर आले. निघून जावंसं वाटेना. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे सुजलेले त्यांना दिसलेच असणार. एरवी त्यांनी गल्ली गोळा केली असती. त्यांनी मान किंचित हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागले. कुणी मला काही विचारलं नाही. समोरून एक गाय गेली, एक सायकल गेली. उन्हाची तिरीप पायरीवर सरकत माझ्या तोंडावर आली, तरी मी हलले नाही. कितीतरी दिवसांत मला कुणी इतकं बरं वाटू दिलं नव्हतं.

"बिटिया धूप में बैठी है."

आवाज घोगरा, गंजलेला. आधी मला कळलंच नाही कुणी म्हटलं ते. बाबूलालजी माझ्याकडे बघत होते, काका त्यांच्या ओठांकडे. दारात त्यांच्या बायकोच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती हुंदका देणार, पुढे धावणार, तेवढ्यात काकांनी तिच्याकडे न बघताच तळहात हलकेच उचलला. थांब.

बाबूलालजी थोडे सरकले. काका त्यांच्याहून जास्त सरकले, जवळजवळ ओट्यावरून पडायला आले. मधे सावलीत माझ्यापुरती जागा झाली. मी जाऊन बसले. काकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, आणि आम्ही तिघं पाच वाजून गेल्यावरही बराच वेळ तसेच बसून राहिलो.