झिरो बघा, वैनी!

आमच्या एसीची बाहेरची पेटी गाडेकरकाकांच्या अंगणाकडे तोंड करून बसवलेली आहे. ती बसवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी तिच्यासमोर दोरी बांधली आणि तिच्यावर स्वतःची बनियनं वाळत घातली. महिना एप्रिलचा. आमच्या छत्रपती संभाजीनगरात एप्रिलमध्ये बनियन वाळवायला सूर्य कमी पडल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मी गच्चीवरून विचारलं, "काका, हे काय?"

"वैनी, तुमच्या घरातली गरमी माझ्या घरात आली," काका शांतपणे चिमटा लावत म्हणाले. "आलेल्या पाहुण्याला रिकामं कसं बसवायचं? लावली कामाला."

तेव्हापासून आमची बेडरूम थंड व्हायला लागली की समोर काकांची बनियनं फडफडायला लागतात. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आधी ती दिसतात, मग आम्ही. आमच्या ह्यांनी पेटीचं तोंड फिरवायचा विचार केला होता. पण दुसऱ्या बाजूला कॉलनीच्या अध्यक्षांचं घर आहे, आणि अध्यक्षांकडे आपली गरमी पाठवणं बरं दिसत नाही.

उत्तमराव गाडेकर मूळचे सिल्लोडकडचे. सगळी नोकरी जळगाव रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर मॅनेजर म्हणून झाली. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याच्या टाक्या भरल्या, तोच आता पडेगावच्या आमच्या वनश्री कॉलनीत पृथ्वी वाचवायला बसला आहे. कॉलनीच्या नावात वन आहे, बाकी सगळे पेव्हर ब्लॉक. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं काकांबद्दल सगळे म्हणतात. मी तर त्यांच्या तोंडावर म्हणते. ते रागावत नाहीत. "बराबर हाय," म्हणतात. "ज्यानं विकलं त्यालाच ठावं असतं, किती विकलं."

पंपावरून ते एकच गोष्ट घरी घेऊन आले, ती म्हणजे 'झिरो बघा'. पेट्रोल सोडण्याआधी गिऱ्हाइकाला मीटरवरचा शून्याचा आकडा दाखवायची रीत असते. काकांच्या जिभेला त्याचं वळणच पडून गेलं. चहा ओतण्याआधी रिकामा कप पुढं करतात, "झिरो बघा, वैनी." आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे ज्योतिषालाही सांगता येत नाही. ते येण्याआधी काका हौदाचं झाकण उघडून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "झिरो बघा!" गल्लीतल्या प्रत्येकाला स्वतःचा हौद बघून तेच दिसत असतं, पण काकांनी दाखवल्याशिवाय ते अधिकृत होत नाही.

स्वतःचा टीव्ही ते लावत नाहीत. वीज वाचवतात. बातम्या आमच्याकडे बघतात, कारण आमचा चालूच असतो. एकदा असेच बसलेले असताना कुणी मोठे साहेब सांगत होते की अमुक सालापर्यंत आपण सगळा धूर झिरोवर आणणार. काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "वैनी, झिरो कधी दाखवत्यात? पेट्रोल सोडायच्या आधी! एकदा गिऱ्हाइकानं मान हलवली की मंग मीटर जे पळतंय, त्याच्याकडं कुणी बघत नाय." आमच्या ह्यांनी नाइलाजानं चॅनल बदललं.

आता असा माणूस स्वतः कसा राहत असेल, असं तुम्हाला वाटेल. काकांची स्कूटर इतकी जुनी आहे की तिचा धूर गेल्यावर गल्लीत डासांची फवारणी लागत नाही. मी हे त्यांना बोलून दाखवलं, तर उत्तर तयार. "नवी गाडी बनवायची म्हणजे लोखंड खणा, वितळवा, लई मोठा धूर. माझा धूर छोटा हाय आन् जुना हाय." धूर जुना असला की त्याला वयाचा मान मिळतो, हे मला नव्यानंच कळलं.

शिवाय स्कूटर ते क्वचितच काढतात, कारण आमची कार आहे. मी सकाळी शाळेत निघाले की काका फाटकाशी उभे. "तुम्ही जाताच हाय. मी बसलो तरी धूर तेवढाच." हा हिशोब बिनचूक असल्यामुळे नाही म्हणता येत नाही. गाडीत बसल्यावर पहिलं काम एसी बंद, दुसरं काचा खाली. छावणीतल्या माझ्या शाळेपर्यंत आम्ही दोघं ट्रकमागची धूळ खात जातो आणि काका मला पर्यावरण शिकवत असतात. मी शाळेत तोच विषय शिकवते. मुलं मला तापत्या पृथ्वीचे सुंदर प्रकल्प करून देतात, थर्माकोलचे. पांढरं अस्वल थर्माकोलचं, बर्फ थर्माकोलचा. मी दहापैकी नऊ गुण देते. काकांनी एकदा मागच्या सीटवरचं अस्वल उचलून बघितलं आणि म्हणाले, "हे मात्र कधीच मरणार नाय." मी गाणी लावली.

आमच्या कॉलनीचा पर्यावरण दिन दरवर्षी थाटात होतो. काही वर्षांपूर्वी एकदा पाहुण्यांच्या गाडीचं इंजिन बाहेर चालूच ठेवलं होतं, भाषण संपेपर्यंत आतला गारवा टिकावा म्हणून. भाषणाचा विषय इंधन बचत. पाहुणे रंगात आले असताना काका उठले, बाहेर गेले, आणि ड्रायव्हरच्या काचेवर टकटक करून पंपावरच्या आवाजात म्हणाले, "गाडी बंद करा. मोबाईल बंद करा. खाली उतरा." ड्रायव्हर सवयीनं खाली उतरला. त्याला वाटलं, गॅस भरायचा आहे.

अध्यक्षांचा चेहरा पडला. आभार मानताना त्यांनी खोचकपणे म्हटलं, "आपले गाडेकरकाका सगळ्यांना सांगतात. त्यांनी स्वतः काय सोडलं, तेही एकदा सांगावं." सगळे हसले. मीही हसले, थोडी मोठ्यानंच.

काका जागेवर उभे राहिले. "माझी पोरगी सुजाता कॅनडात हाय," ते म्हणाले. "नातू झाला. अजून बघितला नाय मी त्याला. विमानानं जावं लागतं, आन् विमानाचा धूर म्हणजे लई मोठं पाप. मी विमानात बसणार नाय. झालं?"

कॉलनीतल्या निम्म्या घरांतली मुलं परदेशात आहेत आणि त्या घरातली माणसं दर उन्हाळ्याला जाऊन येतात. येताना चॉकलेटं आणतात आणि तिकडची हवा किती स्वच्छ, हे सांगतात. त्या सगळ्यांनी खाली बघितलं. पहिली टाळी कुणी वाजवली आठवत नाही, पण ती वाजली आणि काका महात्मा झाले.

त्यानंतर आमचं जिणं अवघड झालं. स्कूटरवरून टोमणा मारावा, तर समोरच्यानं नातवाचं तोंड बघणं सोडलेलं. त्यापुढे आमच्या एसीनं काय बोलावं? कॉलनीत सगळ्यांची एकच इच्छा उरली, की या माणसानं एकदा तरी विमानात बसावं. येता-जाता लोक विचारायचे, "काका, कधी निघताय कॅनडाला?" त्या विचारण्यात माया होती असं मी म्हणणार नाही. काका एकच सांगायचे, "नाय बा. आपलं पाप नातवाच्या डोक्यावर कशाला?" वर्षं गेली, काका डळमळले नाहीत.

आणि यंदा एका रविवारी अध्यक्षांनी काकांना गुलमंडीच्या बाजारात बॅग घेताना बघितलं. लहानसहान नव्हे, चार चाकांची, विमानात टाकायची. दुकानदाराला काका विचारत होते, "किती किलोपर्यंत नेऊ देत्यात?" अध्यक्ष घरी पोचायच्या आत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी पोचली होती. दिवाळीलासुद्धा आमच्या ग्रुपवर एवढा आनंद नसतो. कुणी विमानाचं चित्र टाकलं, कुणी त्याखाली लिहिलं, 'झिरो बघा!' काकांकडे साधा फोन असल्यामुळे ते ग्रुपवर नाहीत, म्हणून सगळ्यांना मोकळेपणा होता. खातरजमा करायला कुणीतरी जायला हवं होतं. सगळ्यांनी माझं नाव सुचवलं. मी लगेच निघाले, इतक्या घाईनं की पायात ह्यांच्या चपला होत्या.

दार उघडंच होतं. घरात जळकट वास भरलेला. काका ओट्यापाशी उभे, हातात झारा, गॅस मोठा, आणि कढईत तुपात काहीतरी काळं तडतडत होतं. मी मनात जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. आधी पुढं होऊन गॅस बंद केला.

"काय करताय काका?"

"डिंक तळतोय," ते म्हणाले. "फुलतच नाय. वरून जळतोय, आतून दगड. वैनी, बाळंतिणीच्या लाडवात अजून काय काय घालत्यात हो?"

ओट्यावर खारकांची पूड होती, खोबरं होतं, हळीव होते, बाळंतशोपा होत्या. प्रत्येक वस्तू भरपूर आणि प्रत्येक पुडी फाडून ठेवलेली. बाजूला नवी बॅग उघडी होती. तिच्यात ज्वारीचं पीठ आणि आमटीला लावायच्या येसराचा डबा एवढंच भरलेलं होतं. स्वतःचा एक कपडा नव्हता.

"सुजाताला दुसरं बाळ होणार हाय," काका म्हणाले. "तिचा नवरा दिवसभर कामावर, थोरलं पोरगं लहान. बाळंतपणाला आई जात असती. आई नाय तिला. मंग म्या चाललो."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला खरं तर तिथंच गप्प बसता आलं असतं. पण ग्रुपनं पाठवलेली बाई होते मी. म्हटलं, "आणि काका, तुमची शपथ?"

काका खुर्चीवर बसले. झारा हातातच होता.

"वैनी, मला कुणी बोलवलंच नव्हतं," ते म्हणाले. "सुजातानं पुण्यात मनानं लग्न केलं. म्या गेलो नाय लग्नाला. पंप बंद ठेवता येत नाय, असं सांगितलं. पंपाला काय धाड भरली होती? तिची आई एकटी जाऊन आली. पोरीनं तेव्हापासून बोलणं टाकलं. आई गेली तवा आली, तिसऱ्या दिवशी परत गेली. नातू झाल्याचं मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आन् इथं कॉलनीत जो तो विचारणार, काका, कॅनडाला कधी? काय सांगू? एक दिवस पेपरात वाचलं, विमानाचा धूर लई वाईट. म्हणलं, गावला बहाणा. मंग जिथं तिथं धुराचंच बोलायला लागलो."

"म्हणजे ते सगळं..."

"ढोंग. पहिल्यांदा निव्वळ ढोंग. पण लोक उलटे सवाल करायला लागले, म्हणून वाचाया लागलो. वाचलं तर सगळं खरंच निघालं की हो! आता झोप लागत नाय. मुंबईपर्यंत रेल्वेनं चाललोय, तेवढंच. फुडं बेईमानीच हाय. पण तिचा फोन आला, वैनी. इतक्या वर्षांनी. म्हणली, बाबा, आई असती तर आली असती. तुम्ही येता का?"

मला माझाच राग आला, कारण मी कशासाठी आले होते ते मला चांगलं ठाऊक होतं. मी कढई घासून घेतली, नवं तूप घातलं, गॅस बारीक केला आणि डिंक चिमूट-चिमूट सोडायला लागले. तो फुलायला लागला तसे काका उठून जवळ आले. असं थोडं थोडं सोडायचं असतं, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही, असं म्हणाले. मग दोघांनी मिळून लाडू वळले. त्यांचे वेडेवाकडे झाले, तेही डब्यात भरले.

निघताना मी विचारलं, "काका, बाहेर सगळे वाट बघतायत. मी काय सांगू? खरं सांगितलं तर कुणी नाव ठेवणार नाही तुम्हाला."

"नका सांगू," काका एकदम म्हणाले. "मला काय म्हणायचं ते म्हणू द्या. पण पोरगी बापाला बोलवत नव्हती, हे कळलं तर लोक तिला नावं ठेवतील. तिची काय चूक त्यात? तुम्ही सांगा, गाडेकर ढोंगी निघाला. ते चालतंय मला."

फाटकाशी अध्यक्ष उभेच होते. सोबत आणखी दोघं-तिघं. "काय, निघाले का महात्मा?"

"निघाले."

"मग आपण काय म्हणत होतो?"

माझ्या जिभेला आयुष्यात पहिल्यांदाच एखादा टोमणा जड गेला. "एक नंबरचा ढोंगी माणूस," मी म्हणाले. अध्यक्षांना फार समाधान वाटलं. त्या संध्याकाळी ग्रुपवर बरीच करमणूक झाली, आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून मीही एक हसरा चेहरा टाकला.

काका सध्या तिकडेच आहेत. मुलगी झाली. हे सगळं तुम्हाला सांगितलं, ते तुम्ही पडेगावात राहत नाही म्हणून. कधी आमच्या कॉलनीत आलात आणि गाडेकरकाकांचा विषय निघाला, तर कृपा करून तुम्हीही त्यांना ढोंगीच म्हणा.