पैलवान कोणाचा?

"पैलवान आमच्या बाजूला!" गोदामाचे साहेब ओरडले.

"वा रे वा! पगार तर आमच्या खात्यातून घेतो," म्हणत हिशेबाच्या साहेबांनी पैलवानाचा दुसरा दंड धरला.

कंपनीच्या वार्षिक खेळांतली रस्सीखेच अजून सुरू व्हायची होती, पण पैलवानाची ओढाताण आधीच सुरू झाली होती. कुस्ती त्याने जन्मात खेळली नव्हती. दारातून आत यायचं तर तिरकं व्हावं लागे एवढा तो आडवा, म्हणून हे नाव पडलेलं. सकाळी तो गोदामात माल मोजायचा, दुपारी हिशेबखात्यात त्याच मालाची बिलं तपासायचा आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, ट्रेनिंगच्या मॅडमना मदत करायचा. झोपेतसुद्धा हा 'आलो साहेब' म्हणतो, असं त्याची बायको सांगायची.

त्यात त्याची बढती दोन्ही साहेबांच्या सह्यांसाठी अडलेली. एकाकडून ओढलं तर दुसरा फुगणार.

शेवटी मालकांनी तोडगा काढला. "पहिला डाव गोदामाकडून, दुसरा हिशेबाकडून. पुढचं पुढे बघू."

पहिला डाव सुरू झाला. पैलवान गोदामवाल्यांत सगळ्यात मागे, पाय रोवून उभा. हिशेबवाले चष्म्यांसकट घसरत रेघेपाशी आले, आता गेलेच, एवढ्यात पैलवानाच्या खिशातला फोन वाजला. मॅडम! सवयीने त्याचे दोन्ही हात खिशाकडे गेले.

"तुम्ही कामात नाही ना?" मॅडमनी विचारलं.

"छे छे, हात रिकामेच आहेत!"

ते खरंच होतं. समोर अख्खं गोदामखातं रेघेपलीकडे एकमेकांच्या अंगावर पडलं होतं.

दुसऱ्या डावाआधी खेळ बघायला आलेल्या बायकोने त्याचा फोन काढून आपल्या पर्समध्ये टाकला. "अहो, आता आभाळ कोसळलं तरी दोरी सोडायची नाही. घ्या माझी शपथ!"

पैलवानाने शपथ घेतली. या वेळी तो हिशेबवाल्यांच्या मागे. गोदामवाले इंचाइंचाने सरकत होते. तिकडे फोन उचलला जाईना, म्हणून मॅडम स्वतःच मैदानावर आल्या आणि नेमक्या गोदामवाल्यांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या.

"अहो पैलवान, जरा दोन मिनिटं!"

"आलो मॅडम!"

आणि तो निघालाच. दोरी मात्र सोडली नाही, शपथ होती ना! दोरीसकट, समोरच्या सगळ्या हिशेबखात्याला पोटाने ढकलत तो थेट रेघेपलीकडे मॅडमपुढे जाऊन उभा राहिला.

"काही विशेष नाही," मॅडम म्हणाल्या, "म्हटलं, आलाय की नाही बघावं."

आता दोन्ही खात्यांनी एकेक डाव जिंकला होता. हिशेबाचे साहेब गुडघ्याची माती झाडत म्हणाले, "पैलवान तुमचाच बरं का. आमच्याकडे काय, दुपारपुरता येतो."

"नको, नको! पगार तुमचा, माणूसही तुमचा," गोदामाच्या साहेबांनी हात जोडले.

मालक पोट धरून हसत होते. त्यांनी आपली शिट्टी पैलवानाच्या हातात दिली. "तू पंच हो बाबा."

पैलवानाने शिट्टी फुंकली. दोन्ही बाजू इरेला पेटल्या, धुळीचा लोट उठला, आणि एकदम सगळेच धाडकन आडवे झाले. धुळीतून दोघे साहेब धापा टाकत पैलवानाकडे धावले.

"काय हो पैलवान, जिंकलं कोण?" सकाळी 'अरे' म्हणणारे आता 'अहो'वर आले होते. "नीट आठवून सांगा हं!"

पैलवानाने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग घसा खाकरला. "घाईचा विषय नाही. विचार करून सोमवारी सांगतो."

दोघेही मान डोलावून निमूटपणे पाणी प्यायला गेले. बायको जवळ सरकली.

"मला तरी सांगा, कोण जिंकलं?"

"मला काय माहीत! डोळ्यांत धूळ गेली होती, काही दिसलंच नाही."

"अगं बाई! मग सोमवारी काय सांगणार?"

"ते नंतर," पैलवान डोळे चोळत म्हणाला, "आधी सह्या तर होऊ देत."